‘एन्मिटी’ म्हणजे नेमकं काय, आणि ती कुठे लिहू नये

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. घरी मराठी, बाहेर हिंदी, आणि आता ग्वाल्हेरला एका वकिलांकडे हिंदी कागदांचं इंग्रजी करून द्यायचं काम तुम्ही नुकतंच धरलं आहे. एका जबाबात ‘पुरानी बुराई पर से’ असं होतं, दुसऱ्यात ‘तब से बोलचाल बंद है’. दोन्हीकडे तुम्ही ‘एन्मिटी’ लिहिलंत. वकीलसाहेबांनी पहिलं तसंच ठेवलं, दुसऱ्याभोवती लाल गोल काढला आणि कारण काही सांगितलं नाही. कोशात पाहावं तर एन्मिटी म्हणजे शत्रुत्व, हॉस्टिलिटी म्हणजे शत्रुत्व, ॲनिमॉसिटी म्हणजेही शत्रुत्वच. मग चुकलं कुठे?

मी हेच काम ग्वाल्हेरच्या लष्कर भागात बसून अठ्ठावीस वर्षं करते आहे, त्यामुळे तो लाल गोल मला चांगला ओळखीचा आहे. शब्दाचा अर्थ तुम्हाला कळलेला आहे. अडलंय ते वजनापाशी. कोश अर्थ सांगतो, वजन सांगत नाही. आणि आपल्या कामात सगळं वजनावरच ठरतं.

आधी माझीच चूक सांगते, म्हणजे मुद्दा लवकर ध्यानात येईल. काम सुरू करून वर्षही झालं नव्हतं. डबऱ्याकडच्या एका मारामारीच्या खटल्यातला जबाब होता. साक्षीदार शेजारच्या शेताचा मालक. त्याचं वाक्य असं: ‘तीन साल पहले मेड़ को लेकर कहासुनी हुई थी, तब से बोलचाल नहीं है.’ बांधावरून एकदा बोलाचाली झाली, तेव्हापासून बोलणं नाही, एवढंच. मी इंग्रजीत लिहिलं की दोघांमध्ये ‘प्रीव्हियस एन्मिटी’ होती. मला ते भारदस्त वाटलं, कोर्टाच्या भाषेला शोभेसंही वाटलं. जयेंद्रगंजात ज्या वकिलांकडे मी काम करायचे त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि मूळ हिंदी ओळीवर बोट ठेवून विचारलं, ‘‘बाई, यात वैर कुठे आहे ते दाखवा.’’ मला दाखवता येईना. त्यांनी माझे शब्द खोडले आणि वर लिहिलं ‘नॉट ऑन स्पीकिंग टर्म्स’. मग समजावून सांगितलं. साक्षीदार ‘बोलत नाही’ असं म्हणाला तर तो एक रुसलेला शेजारी. आपण ‘एन्मिटी’ लिहिलं की तो वैरी ठरतो, त्याचा प्रत्येक शब्द संशयाने वाचला जातो, आणि ते त्याच्या तोंडून आलेलंच नसतं. आपण त्याच्या तोंडी घातलेलं असतं.

फौजदारी कामात या शब्दाचा दाब इतका का, हेही त्यांनीच सांगितलं. आपल्याकडचे न्यायनिवाडे वाचलेत तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसेल: एन्मिटी ही दुधारी तलवार आहे. वैर होतं म्हणून आरोपीने मारलं असेल, हा एक अर्थ. वैर होतं म्हणूनच फिर्यादीने त्याचं नाव खोटं गोवलं असेल, हा दुसरा. एकाच शब्दाने दोन्ही बाजूंना हत्यार मिळतं. असा शब्द अनुवादकाने आपल्या मनाने कागदात घालायचा नसतो.

आता मूळ शब्दाकडे येऊ. एन्मिटी लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आली. तिच्या मुळाशी ‘आमिकुस’ म्हणजे मित्र, आणि त्याला नकार जोडून झालेला ‘इनिमिकुस’ म्हणजे जो मित्र नाही तो. एनिमी आणि एन्मिटी या एकाच घरातल्या. तिचा विरुद्धार्थी शब्द ॲमिटी, म्हणजे मैत्री, तोही त्याच मुळाचा. लॅटिनमध्ये शत्रूला आणखी एक शब्द होता, ‘होस्टिस’. तो राज्याचा, बाहेरचा शत्रू, ज्याच्याशी लढाई होते. हॉस्टिलिटी त्यातून निघाली. हा फरक इंग्रजीत आज काटेकोर पाळला जात नाही, पण त्याचा वास राहिलेला आहे. एन्मिटी हे दोन माणसांमधलं, दोन घराण्यांमधलं, दोन गटांमधलं नातं आहे, बिघडून तसंच घट्ट झालेलं. हॉस्टिलिटी ही वागण्यातून, बोलण्यातून, नजरेतून दिसते. पहिल्याच भेटीत एखादा अनोळखी माणूस तुमच्याशी हॉस्टाइल वागू शकतो. पहिल्याच भेटीत एन्मिटी मात्र होत नाही, तिला मागे काहीतरी घडलेलं लागतं.

यासाठी मी एक कसोटी वापरते, आणि ती मराठीतूनच येते. आपल्या भाषेत राग येतो आणि उतरतो. वैर उतरत नाही. वैर धरतात, पत्करतात, साधतात, आणि फार झालं तर ते मिटतं. मूळ हिंदी वाक्य मी मनात मराठीत म्हणून बघते. ‘तो रागावलाय’ असं सहज आलं तर एन्मिटी नाही. ‘त्याच्या मनात अढी आहे’ असं आलं तरी नाही. ‘त्यांच्यात वितुष्ट आलं’ असं आलं तर थांबते, कारण वितुष्ट ही संबंध तुटल्याची गोष्ट आहे, त्यातून वैर होईलच असं नाही. ‘त्यांचं जुनं वैर आहे’, ‘त्यांचा उभा दावा आहे’ असं आलं, तरच एन्मिटी लिहिते. ‘त्यांचा छत्तीसचा आकडा आहे’ किंवा ‘विळ्याभोपळ्याचं सख्य आहे’ हे त्याहून कितीतरी हलकं. पटत नाही, एवढंच.

आजूबाजूच्या शब्दांत मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेला शब्द म्हणजे ‘ग्रज’. आपण डूख धरणं म्हणतो, ते हेच. ग्रज एकट्याचा असतो. तुम्ही माझ्यावर डूख धरून बसलात आणि मला त्याचा पत्ताही नाही, असं होऊ शकतं. एन्मिटी बहुतेक वेळा दोन्हीकडून असते, म्हणून तिच्यामागे ‘बिटवीन’ येतं आणि ग्रजमागे ‘अगेन्स्ट’. ग्रज मुळात कुरकुरण्यावरून आलेला शब्द आहे, म्हणून त्यात थोडा लहानपणा आहे: बढती दिली नाही, लग्नाला बोलावलं नाही, उसने पैसे परत केले नाहीत. खुनाच्या प्रकरणात ‘ही हॅड अ ग्रज’ लिहिलं तर ते कारण तोकडं वाटतं, आणि कधी कधी साक्षीदाराला तेच म्हणायचं असतं. तेव्हा तो शब्द मोठा करायचा नाही.

‘फ्यूड’ला घटनांची माळ लागते. यांनी त्यांचं काही केलं, त्यांनी यांचं केलं, पुन्हा यांनी. नुसतं मनात असून फ्यूड होत नाही. चंबळच्या खोऱ्यातल्या पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या जमिनीच्या वैरांना इंग्रजीत ‘ब्लड फ्यूड’ म्हणतात ते याच अर्थाने. (सरंजामशाहीच्या ‘फ्यूडल’शी या फ्यूडचं नातं नाही. दिसायला सारखे, मूळ वेगळं.) आपली भाऊबंदकी मात्र इंग्रजीत एका शब्दात येत नाही. ‘फॅमिली फ्यूड’ लिहिलं की तिच्यातली वाटणी, वडिलोपार्जित घर, एकाच अंगणातले दोन चुलते, सगळं गळून जातं. तिथे मी सरळ सहा-सात शब्द खर्च करते आणि वडिलोपार्जित मालमत्तेवरून भाऊबंदांत चाललेलं जुनं वैर, असं पूर्ण लिहिते.

‘ॲनिमॉसिटी’ ही भावना आहे, तीही तापलेली. तिचं मूळ पाहिलंत तर चकित व्हाल: लॅटिनमध्ये त्या शब्दाचा अर्थ धैर्य, तडफ असा होता, इंग्रजीतही सुरुवातीला तो तसा वापरला गेला, आणि मग तो द्वेषाकडे सरकला. आणि आपला ‘वैर’ हा शब्द ‘वीर’पासून झालेला. दोन भाषा, एकमेकींपासून इतक्या लांब, आणि दोन्हींनी शौर्यातूनच वैर काढलं! ‘रँकर’ म्हणजे आंबलेली कटुता. मूळ अर्थ खवट होणं, जुन्या खोबऱ्याला येतो तो वास. जबाबात हा शब्द मला क्वचितच लागला. कथा-कादंबरीचा अनुवाद करताना मात्र तो फार कामाचा आहे.

हे शब्द एकमेकांशेजारी ठेवून बघायचे असतील तर आपल्याच इतिहासात उत्तम जागा आहे. ज्या लष्करात आपण राहतो, त्याचं नावच दौलतराव शिंद्यांच्या छावणीवरून पडलं. शिंदे आणि होळकर, दोघेही पेशव्यांचे सरदार, उत्तरेत दोघांचीही चढाओढ. ती ‘रायव्हलरी’. १७९३ साली लाखेरीला दोघांच्या फौजा एकमेकींवर तुटून पडल्या. १८०१च्या जुलैत उज्जैनला यशवंतराव होळकरांनी शिंद्यांच्या पलटणींचा मोड केला, ऑक्टोबरात शिंद्यांच्या फौजेने इंदूर लुटलं, आणि २५ ऑक्टोबर १८०२ रोजी पुण्याजवळ हडपसरला यशवंतरावांनी शिंदे आणि पेशवे या दोघांच्या एकत्र फौजेला हरवलं. ही माळ म्हणजे फ्यूड. या सगळ्याच्या खाली जे सतत होतं, लढाई नसतानाही होतं, ते एन्मिटी. याच काळात, १८०१मध्येच, दुसऱ्या बाजीरावाने यशवंतरावांचे भाऊ विठोजी यांना पुण्यात हत्तीच्या पायी दिलं. त्यानंतर यशवंतरावांच्या मनात बाजीरावाबद्दल जे होतं त्याला ग्रज म्हणणं मला पटत नाही. भावाच्या अशा मरणापुढे तो शब्द खुजा आहे. तिथे ‘व्हेन्जन्स’ची, सुडाची भाषाच लागते.

हडपसरच्या पुढच्याच वर्षी हॉस्टिलिटीचं अनेकवचनही दिसतं. १८०३च्या ऑगस्टात शिंदे आणि इंग्रज यांच्यात ‘हॉस्टिलिटीज’ सुरू झाल्या, म्हणजे प्रत्यक्ष युद्ध. असईची लढाई झाली, लासवाडीची झाली, आणि ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावच्या तहाने त्या थांबल्या. हॉस्टिलिटीज सुरू होण्याची आणि थांबण्याची तारीख सांगता येते. एन्मिटीला अशी तारीख नसते. त्या युद्धात यशवंतराव शिंद्यांच्या मदतीला आले नाहीत, बाजूला राहिले, आणि असईच्या रणात शिंद्यांच्या जोडीला नागपूरकर भोसलेच काय ते होते. लढाई न करताही वैर काय करू शकतं, हे मला त्या एका गैरहजेरीत जेवढं दिसतं तेवढं कुठल्या कोशात दिसलेलं नाही.

वापराच्या बारीकसारीक गोष्टी आता भरभर सांगते. उच्चार एन्-मि-टी, तीन अवयव. स्पेलिंग ई, एन, एम, आय, टी, वाय. एनिमीतला मधला दुसरा ‘ई’ इथे घालायचा नाही. नवीन मुलांच्या कागदात ही चूक मला सारखी दिसते. शब्द साधारणपणे मोजता न येणारा, म्हणून ‘ॲन एन्मिटी’ टाळा. जुनी, वेगवेगळी वैरं म्हणायची असतील तेव्हा ‘ओल्ड एन्मिटीज’ चालतं. ‘ही हॅज एन्मिटी विथ मी’ हे आपल्याकडच्या पोलिसी इंग्रजीत रुळलेलं आहे, पण ‘देअर इज एन्मिटी बिटवीन देम’ हे जास्त स्वच्छ. विशेषण ‘इनिमिकल’. आपल्या कोर्टांत ‘दे वेअर ऑन इनिमिकल टर्म्स’ हे सर्रास लिहिलं जातं आणि ते चालतं. कोर्टाबाहेर मात्र इनिमिकल हा शब्द माणसांपेक्षा परिस्थितीला जास्त लागतो: अमुक गोष्ट आरोग्याला इनिमिकल, लोकहिताला इनिमिकल, म्हणजे मारक.

आणि एक जागा जपून. साक्षीदार ‘हॉस्टाइल झाला’ म्हणतात त्यात वैर शोधू नका. तो फितूर झाला, आपल्याच बाजूच्या विरुद्ध बोलला, एवढाच त्याचा अर्थ. हिंदीत ‘पक्षद्रोही’ म्हणतात. १८७२च्या पुरावा कायद्यातल्या ज्या कलम १५४खाली अशा साक्षीदाराला उलट प्रश्न विचारायची परवानगी मागत, त्यात हॉस्टाइल हा शब्द नाहीच. तो वकीलमंडळींत रुळलेला शब्द आहे.

कायद्याच्या मजकुरात शब्द बदलण्याची मोकळीक आपल्याला अजिबात नसते. जुन्या दंड संहितेचं कलम १५३-ए, जे १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेत कलम १९६ झालं, त्यात ‘एन्मिटी, हेट्रेड ऑर इल-विल’ असे तीन शब्द ओळीने आहेत. हिंदी पाठात ‘शत्रुता, घृणा या वैमनस्य’. तिन्हींना मराठीत ‘वैरभाव’ म्हणून मोकळं झालात तर कायद्याने तीन शब्द कशाला वापरले, हा प्रश्न उरतो. वर्तमानपत्रवाले ‘दोन समाजांत तेढ निर्माण केल्याचा गुन्हा’ लिहितात, बातमीला ते छान आहे. कागदाला नाही.

आता तुमच्या हिंदी शब्दांबद्दल, कारण ग्वाल्हेरच्या अनुवादकाचा खरा कस तिथेच लागतो. ‘बुराई’ हा आपल्या भागातला खास शब्द. ‘पुरानी बुराई पर से गाली-गलौज की’ हे इथल्या कितीतरी फिर्यादींत सापडेल. बाहेरून आलेला माणूस त्याचं ‘ईव्हिल’ करून टाकतो. इथे बुराई म्हणजे चालत आलेलं वैर. तुम्ही ‘एन्मिटी’ लिहिलंत, म्हणजे इथलं बोलणं तुमच्या कानात आहे. ‘अदावत’ अरबीतून आलेली आणि सरळ शत्रुत्वच. ‘रंजिश’चं मात्र मला फार अप्रूप आहे. फारसीत ‘रंज’ म्हणजे दुःख, यातना. रंजिश म्हणजे आधी मन दुखावणं, आणि मग त्या दुखावलेपणातून धरलेलं वैर. आपला ‘वैमनस्य’ नेमका याच वाटेने आला: संस्कृतात त्याचा अर्थ मनाची खिन्नता, उदासी, ‘विमनस्क’मध्ये तो अजून जिवंत आहे. मराठीत येईपर्यंत त्याचं वैर झालं. म्हणून रंजिशला मराठीत मी वैमनस्यच लिहिते. इंग्रजीत अशी जोडी मला मिळाली नाही, तिथे ‘पुरानी रंजिश’ला ‘प्रीव्हियस एन्मिटी’ हा कोर्टाने मानलेला शब्द आहे आणि तोच वापरावा.

मराठी जुने कागद हाताशी आले, आणि ग्वाल्हेरच्या घरांत ते येतातच, तर ‘दावेदार’पाशी थांबा. आज आपण हिंदीच्या सवयीने दावेदार म्हणजे हक्क सांगणारा असं वाचतो. जुन्या मराठीत दावा म्हणजे फिर्यादही आणि वैरही, आणि दावेदार म्हणजे चक्क शत्रू. ‘अमका आमचा दावेदार’ याचं मी एकदा ‘क्लेमंट’ केलं होतं. पुढच्या चार ओळींत मालमत्तेचं नावही निघेना, तेव्हा उमगलं.

हे सगळं कोण वाचणार यावर अवलंबून आहे, हे मान्य करायला हवं. परीक्षेच्या पेपरात एन्मिटी म्हणजे वैर, शत्रुत्व एवढं लिहिलंत तर पूर्ण गुण मिळावेत. कथेत तुम्ही कानाला काय पटतं ते बघाल. जबाबात मात्र साक्षीदाराने जेवढं दिलं तेवढंच पुढे न्यायचं. तो संतापून बोलला असेल, त्याच्या आवाजात वैर असेलही, पण तो आवाज कागदावर नाही, शब्द आहेत.

तेव्हा तुमच्या पहिल्या कागदातली ‘प्रीव्हियस एन्मिटी’ तशीच असू द्या, मीही तीच लिहिली असती. दुसऱ्यात ‘दे हॅव नॉट बीन ऑन स्पीकिंग टर्म्स सिन्स देन’ करा आणि ‘सिन्स देन’ विसरू नका, कारण ‘तब से’मध्ये काळ आहे आणि तो साक्षीदाराने मुद्दाम सांगितला आहे. त्याच जबाबात पुढे कुठे ‘रंजिश’ हा शब्द त्याने स्वतः उच्चारला असेल तर मात्र ती एन्मिटी वगळू नका. त्याने दोन वेगळे शब्द वापरले असतील तर इंग्रजीतही दोन वेगळे दिसले पाहिजेत, म्हणजे कोणता किती धरायचा ते न्यायाधीश ठरवतील.